पत्र्यामागची पेठ : बुंगोताकादाचं प्रकरण

जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात, बुंगोताकादा नावाचं एक छोटं शहर आहे. वस्ती २२ हजारांच्या आसपास. गावाच्या मधोमध जुनी बाजारपेठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं तर सगळी मिळून ५५० मीटर. १९९० च्या दशकात या पेठेबद्दल गावातलीच माणसं म्हणायची, की इथे माणसांपेक्षा कुत्री-मांजरं जास्त फिरतात. २००३ साली वर्षभरात दोन लाखांच्या घरात पाहुणे याच रस्त्याने चालून गेले. देऊळ किंवा किल्ला बघायला आलेली ही माणसं नव्हती. त्यांना दुकानं बघायची होती. मांसाचं, चहाचं, खाऊचं, कपड्यांचं. कोणत्याही गावात असतात तशीच.

मधल्या काळात तिथे नवीन काही उभारलं नव्हतं. होतं त्यातलंच थोडं उचकटून काढलं होतं.

जुनी दुकानं गेली म्हणून हळहळणारे सगळीकडे भेटतात, मीही त्यातलाच. पण या हळहळीला बाजारात काही किंमत आहे का, तिच्या जोरावर बसलेली पेठ पुन्हा उठते का, हे कोणी स्वतःच्या दुकानाची दर्शनी बाजू उघडी पाडून तपासत नाही. बुंगोताकादाच्या दुकानदारांनी ते तपासलं. त्यांना मिळालेलं उत्तर माझ्या मते अर्धं ‘हो’ आहे. अर्धंच का, ते कळायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

शेवटचं स्टेशन

हे गाव कुनिसाकी द्वीपकल्पाच्या तोंडाशी, कात्सुरा नदीच्या काठी आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) ते दूरच्या शिमाबारा संस्थानाच्या ताब्यात होतं. द्वीपकल्पातल्या खेड्यांना तेव्हापासून बाजार म्हणजे हाच. १९१६ मध्ये उसा हाचिमान या प्रसिद्ध देवस्थानापासून इथपर्यंत छोटी रेल्वे आली. लांबी नऊ किलोमीटरसुद्धा नव्हती, पण तिचं शेवटचं स्टेशन बुंगोताकादा होतं. आतल्या खेड्यांतला माणूस गाडी पकडायला यायचा, पेठेतून चालत जायचा आणि परतताना हातात काहीतरी असायचं.

पेठेचे सर्वांत भरभराटीचे दिवस म्हणजे १९५५ ते १९६४. सम्राट हिरोहितोंची कारकीर्द १९२६ ते १९८९, तिला शोवा काळ म्हणतात. त्या गणनेत ही दहा वर्षं म्हणजे ‘शोवा तीसचं दशक’. जपानी माणसाच्या मनात या शब्दांबरोबर एक अख्खं चित्र उभं राहतं : घरात आलेला पहिला दूरदर्शन संच, कपडे धुण्याचं यंत्र, फ्रीज, १९५८ चा तोक्यो टॉवर, १९६४ चं ऑलिम्पिक. पुढे या गोष्टीत या दशकाला फार महत्त्व येणार आहे.

ऑगस्ट १९६५ मध्ये रेल्वे बंद झाली. स्टेशनच्या जागी बसस्थानक राहिलं. बस आणि मोटार दोन्ही सोयीच्या, पण मोटारीतून जाणारा माणूस दुकानासमोर रेंगाळत नाही. पेठ गिऱ्हाइकांवर चालते असं आपण म्हणतो, पण हे गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाला निघालेला वाटसरू असतो. तो वाटसरूच संपला. पुढची तीस-पस्तीस वर्षं गाव आणि पेठ दोन्ही ओसरत गेली. त्या काळाबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही.

खापर कोणावर

अशा पेठांना जपानीत शोतेन्गाई म्हणतात, आणि दुकानं बंद पडलेल्या शोतेन्गाईला ‘शटरगल्ली’ अशा अर्थाचा शब्द आहे. खास शब्द असण्याइतकं हे दृश्य देशभर ओळखीचं आहे. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : मोठे मॉल आले आणि छोट्या दुकानांना त्यांनी खाल्लं. ते खोटं नाही, पण सनावळी त्याला पुरती साथ देत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, या पेठा आपल्याला वाटतात तितक्या जुन्या नाहीत. १९२० आणि ३० च्या दशकांत खेड्यांतली माणसं शहरांकडे लोटली. कारखान्यात जागा मिळाली नाही त्यांनी थोड्या भांडवलात दुकान टाकलं. त्याच वेळी मोठी डिपार्टमेंट स्टोअर पसरत होती. त्यांना तोंड द्यायला छोटे दुकानदार एकत्र आले, संघ काढले, आणि १९३७ मध्ये सरकारने डिपार्टमेंट स्टोअरांना वेसण घालणारा कायदाही केला. तेव्हा ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांची पेठ म्हणून आपण डोळे पुसतो, ती अनेक ठिकाणी दोन-तीन पिढ्यांचीच असते. आणि मोठ्या दुकानाची भीती तिच्या जन्मापासून तिच्या सोबतीला आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. दाइएई या सुपरमार्केट-साखळीचं पहिलं दुकान १९५७ मध्ये ओसाकाच्या सेनबायाशी भागात सुरू झालं. गंमत अशी, की सेनबायाशी ही स्वतःच एक शोतेन्गाई. १९७२ पर्यंत दाइएईने विक्रीत मित्सुकोशीसारख्या जुन्या नामांकित स्टोअरला मागे टाकलं. लगेच १९७३ मध्ये मोठ्या दुकानांचा कायदा झाला आणि १९७४ पासून लागू झाला. १,५०० चौरस मीटरहून मोठं दुकान काढायचं तर आधी स्थानिक पातळीवर ‘जुळवून घ्यायचं’, आणि जुळवून घेणाऱ्या समितीत गावातले दुकानदारच बसलेले. १९७९ पासून ही मर्यादा ५०० चौरस मीटरवर आली. एकेक परवानगी वर्षानुवर्षं लटकायची. छोट्या दुकानांना याहून जास्त संरक्षण देणारे देश थोडेच असतील.

आता आकडा बघा. १९८२ मध्ये जपानमध्ये १७ लाख २० हजारांच्या आसपास किरकोळ दुकानं होती, आजवरची सर्वांत जास्त. तिथून घसरण सुरू झाली. १९८२, म्हणजे कायदा सर्वांत कडक होता तेव्हा. अमेरिकेच्या दबावाने तो सैल होऊ लागला १९९० नंतर. जानेवारी १९९२ मध्ये नारा प्रांतातल्या काशिहारा इथे एका अमेरिकन खेळणी-साखळीचं दुकान उघडलं, तेव्हा त्या समारंभाला खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) हजर होते. २००० मध्ये तो कायदाच गेला. २००७ मध्ये दुकानांची संख्या ११ लाख ३८ हजारांवर आली होती. मोठ्या दुकानांनी ही घसरण जोरात ढकलली यात शंका नाही. पण दुकानं मिटायला सुरुवात झाली ती त्यांच्या आधी.

का, याची दोन उत्तरं मला पटतात. एक तोक्योच्या तोयोसु भागात सापडतं. कायदा लागू झाला त्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीचं जपानमधलं पहिलं दुकान तिथे सुरू झालं. नवी इमारत बांधून नव्हे. एका कुटुंबाचं दारूचं दुकान होतं, तेच बदलून. कायद्याचं लक्ष मोठ्या दुकानांवर होतं. इथे मात्र छोटंच दुकान आपणहून साखळीत गेलं : गल्ल्यावर माणूस तोच, छप्पर तेच, फक्त पाटी, फळ्यांवरचा माल आणि हिशेब दुसऱ्याचे. स्वतंत्र दुकान असंही संपतं, आणि त्याला कोणी निरोप देत नाही, कारण दिवे चालूच असतात.

दुसरं उत्तर दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. शोतेन्गाईतलं दुकान हे बहुधा घरही असतं : पुढे माल, मागे किंवा वर संसार. मुलगा शिकतो, शहरात नोकरीला लागतो, परत येत नाही. बाप-आई सत्तरीला येतात आणि एक दिवस शटर ओढून घेतात. पण राहतात तिथेच. दुकान भाड्याने द्यायचं तर परका माणूस रोज घराच्या पुढच्या दारातून ये-जा करणार, संडास-बाथरूमही बहुतेक वेळा एकच. पेन्शन आहे, भाड्यावाचून अडत नाही. शिवाय राहत्या घराच्या जमिनीवरचा कर सवलतीचा, तेव्हा जागा नुसती पडून राहिली तरी फारसं बोचत नाही. म्हणून शटरगल्ली बाहेरून मेलेली दिसते आणि आत संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लागतो. ‘रिकामी दुकानं तरुणांना द्या’ म्हणणाऱ्या योजना इथेच अडकतात. दुकान रिकामं असतं, घर नसतं. सरकारी पाहण्यांतही शोतेन्गाई आपली सर्वांत मोठी अडचण म्हणून वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आल्या आहेत : मालक म्हातारे झाले आणि पुढे चालवणारं कोणी नाही.

जाता जाता एक. जपानभर मॉल उभारणाऱ्या एऑन या समूहाचं मूळ योक्काइचि गावातल्या ओकादाया नावाच्या दुकानात आहे. स्थापना १७५८ ची, घराणं एकच. त्या घराण्याची पूर्वापार शिकवण होती : ‘घराच्या मुख्य खांबाला चाकं लावा’, म्हणजे गिऱ्हाईक जिकडे सरकेल तिकडे दुकान न्या. जुन्या पद्धतीचं दुकान आणि मॉल यांना राम-रावणासारखं समोरासमोर उभं करताना हा खांब आठवावा.

पत्रा काढल्यावर

आता पुन्हा बुंगोताकादाकडे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने बाहेरच्या जाणकारांकडून पेठेच्या विकासाचा भव्य आराखडा करून घेतला. मोठी बांधकामं, मोठा खर्च. तो कागदावरच राहिला. असले आराखडे कपाटात धूळ खात पडलेले कुठेही सापडतील, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

कामाची गोष्ट त्यानंतर घडली. व्यापारी मंडळाचे आणि नगरपालिकेचे लोक, थोडे दुकानदार, अशांनी मिळून पेठेची घराघरांतून पाहणी केली. कोणती इमारत कधीची, मूळ रूप काय, आत काय उरलंय. गावाला दाखवण्यासारखा कोणता काळ आहे, हा त्यांचा शोध होता. वाडे-गढ्यांचा एदो काळ दाखवावा, तर तेवढं काही शिल्लक नव्हतं. जे सापडलं ते कोणालाच दाखवण्यासारखं वाटलेलं नव्हतं : पेठेतल्या जवळजवळ ७० टक्के इमारती शोवा तीसच्या दशकातल्या किंवा त्याच्याही आधीच्या निघाल्या.

त्या रोज समोर असून दिसत कशा नव्हत्या? कारण मधल्या वर्षांत दुकानदारांनी आधुनिक दिसण्यासाठी दर्शनी बाजूला पत्र्याची मोठी आडवी पाटी ठोकली होती, लाकडी दारं-खिडक्या काढून ॲल्युमिनियम बसवलं होतं. इमारत पाडून नवी बांधायला पैसा नव्हता, म्हणून चेहऱ्यावर पत्रा मारून भागवलं होतं. धंदा बरा चालला असता तर या इमारती १९७० च्या दशकातच पाडल्या गेल्या असत्या आणि मग शोधायला काहीच उरलं नसतं. एखादा वारसा जपला जाण्याचं हे कारण माहितीफलकावर लिहिण्यासारखं नाही, पण खरं हेच आहे.

२००१ मध्ये काम सुरू झालं, मोजक्या दुकानांपासून. नाव ठरलं ‘शोवा नो माचि’, शोवाचं गाव. पत्रा उतरवायचा, लाकडी चौकटी परत बसवायच्या, पाटीवरची अक्षरं जुन्या वळणाची रंगवायची. याला त्यांनी इमारतीचं पुनरुज्जीवन म्हटलं आणि त्याच्या जोडीला आणखी तीन ठेवली. इतिहासाचं : ‘एक दुकान, एक ठेवा’, म्हणजे पिढीजात हत्यार, यंत्र, वस्तू असं जे काही माळ्यावर पडलं असेल ते पुसून दुकानातच मांडायचं. मालाचं : ‘एक दुकान, एक जिन्नस’, म्हणजे त्या दुकानाची म्हणून एक गोष्ट हवी. आणि चौथं व्यापाऱ्याचं.

‘एक दुकान, एक जिन्नस’ ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. १९७९ मध्ये याच ओइता प्रांताचे राज्यपाल हिरामात्सु मोरिहिको यांनी ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू केली होती. ती पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांनी उचलली. बुंगोताकादाने ती गावावरून दुकानावर आणली, इतकंच. मांस विकणाऱ्या निकु नो कानाओकाचे कोलोक्के, म्हणजे बटाट्याचे तळलेले गोळे, आणि मोरिकावा यांच्या दुकानाची आइस कँडी यांना त्यामुळे नाव मिळालं.

चौथं पुनरुज्जीवन मला सर्वांत हुशारीचं वाटतं आणि सर्वांत अवघडही. पाटी रंगवता येते. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘बसा’ म्हणणं, त्या यंत्रावर आजोबा काय करायचे हे शंभराव्यांदाही न कंटाळता सांगणं, तो काही न घेता निघाला तरी तोंड वाकडं न करणं, हे सुतार बसवून देत नाही. याचं काही ओझं गावातल्या वाटाड्यांनी उचललं. ते पाहुण्यांना घेऊन पेठेतून फिरतात, दुकानात शिरून ओळख करून देतात. मला विचाराल तर वाटाडा हा त्या गेलेल्या रेल्वेचा खरा वारस : माणसांना दुकानासमोरून चालवत नेणारा.

इथली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुनी पेठ नव्याने रचण्याचा उद्योग जपानमध्ये आधीही झाला होता. शिन-योकोहामाच्या रामेन संग्रहालयाने १९९४ मध्येच १९५८ सालची गल्ली तळघरात हुबेहूब उभी केली होती, आणि तीही चांगली चालली. पण ती सजावट. बुंगोताकादात दुकानं चालू होती. पत्र्यामागे जो होता तो नट नव्हता, मालकच होता, आणि त्याला आजचा गल्ला मोजायचा होता.

सजावटीचा भाग अर्थात इथेही आला. स्थानिक धनिक नोमुरा घराण्याने १९३० च्या दशकात बांधलेल्या शेतमालाच्या जुन्या गोदामांत २००२ मध्ये दागाशीयाचं संग्रहालय उघडलं. दागाशीया म्हणजे पोरांच्या हातातल्या सुट्ट्या नाण्यांवर चालणारं खाऊ-खेळण्यांचं दुकान. फुकुओकाच्या एका संग्राहकाने आयुष्यभर जमवलेली पत्र्याची खेळणी, चित्रं, बाहुल्या यांचा प्रचंड साठा तिथे मांडला आहे. काशिहाराच्या त्या समारंभाला दहा वर्षं होत होती. एकीकडे खेळण्यांचं दुकान राजनैतिक करारासारखं थाटात उघडलं होतं, दुसरीकडे खेळण्यांचं दुकान संग्रहालयात जाऊन बसलं. पुढे १९५७ ची नाकवाली इसुझू बसही आणली. ती सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना फिरवते.

दोन लाख माणसं काय घेतात

पहिल्या वर्षी, २००१ मध्ये, २५ हजारांच्या आसपास लोक आले. २००३ मध्ये दोन लाख. पुढच्या दशकात आकडा चार लाखांच्या जवळ गेला. ‘शोवाची’ दुकानं चाळीसच्या आसपास झाली. २००५ मध्ये नगरपालिका, व्यापारी मंडळ आणि खासगी भागधारक यांनी मिळून पर्यटन-कंपनी काढली. कुत्र्या-मांजरांच्या पेठेचं हे यश नाकारणं कोतेपणा होईल.

पण दुकानदाराच्या डोळ्यांनी बघा. जुनं दुकान ज्या गिऱ्हाइकावर चालायचं ते वर्षात दीड-दोनशे वेळा यायचं आणि दर वेळी थोडंसं न्यायचं : सुई-दोरा, साबण, वातीचं तेल, वही. नफा कमी, फेऱ्या जास्त. पाहुणा एकदा येतो, दोन-तीन तास थांबतो, हिंडता हिंडता खाता येईल असं काही घेतो, फोटो काढतो आणि बेप्पूच्या गरम झऱ्यांकडे निघतो. कोलोक्के आणि आइस कँडी विकणाऱ्याला तो देवासारखा. कापडवाल्याच्या, अवजारवाल्याच्या, औषधवाल्याच्या दारात तो कौतुकाने उभा राहतो, ठेवा बघतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्याला तिथे काही नको असतं, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. परगावी जाऊन खिळे कोण विकत घेतं?

म्हणजे हळहळ पेठेत माणसं आणते, पण त्यांच्यातले काहीच गिऱ्हाइकं होतात, बाकीचे प्रेक्षक. जिथे प्रेक्षक जास्त, तिथे हळूहळू दुकानांची जात बदलते. खाण्याचं वाढतं, आठवणवस्तूंचं वाढतं आणि घरात रोज लागणाऱ्या जिनसा मागे पडतात. गावातला माणूस त्या जिनसांसाठी आधीच गाडी काढून मोठ्या दुकानात जाऊ लागलेला असतो. पत्रा काढला म्हणून तो परत फिरत नाही. म्हणून या प्रकरणाला ‘पेठेचं पुनरुज्जीवन’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका पेठेने पर्यटनाचा धंदा यशस्वीपणे सुरू केला, हे वर्णन जास्त प्रामाणिक.

दुसरी अडचण आठवणीच्या वयाची. १९६० मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर, खिशात नाणं घेऊन दागाशीयात गेलेलं, २००१ मध्ये ५१ वर्षांचं होतं : हाताशी पैसा, मुलं मार्गी लागलेली, सहलीला जायची हौस. २०२५ मध्ये तेच माणूस ७५ वर्षांचं. योजनेची वेळ विलक्षण अचूक होती, ती मुद्दाम साधली की नशिबाने जुळली हे बाजूला ठेवू. पण जिवंत आठवणीचा हा साठा भरून निघणारा नाही. अलीकडे ज्यांनी शोवा पाहिलाही नाही अशा तरुणांत शोवा-शैलीचं वेड आहे, जुने सोड्याचे पेले, जुनी कॉफीगृहं. ते बुंगोताकादाला उपयोगाचं आहेच. फक्त पंचाहत्तरीचा माणूस दुकानात शिरून ‘आमच्याकडे अगदी असंच होतं’ म्हणतो, तसं हा तरुण म्हणू शकत नाही. त्याला ते दृश्य आवडतं. दृश्य दुसरीकडेही मिळतं, शिन-योकोहामाच्या तळघरातसुद्धा.

आणि त्या दशकाबद्दलही एक शब्द. शोवा तीसच्या दशकातच, याच क्यूशूवर, मिनामाताच्या पारा-विषबाधेची १९५६ मध्ये अधिकृत नोंद झाली. मीइकेच्या कोळसा खाणीत १९६० चा तो प्रदीर्घ संप झाला, आणि १९६३ मध्ये तिथल्या स्फोटात ४५८ माणसं मेली. गोड पेठेच्या आठवणीत हे बसत नाही. बसायला हवंच असा माझा आग्रहही नाही, खाऊच्या दुकानात कोणी खाणीचा शोकफलक लावत नाही. पण पेठेतल्या पेठेतही सगळं गोड नव्हतं, एवढं तरी म्हणायला हवं. दुकानदार आपल्याला नावाने ओळखायचा याची आठवण आपण काढतो. तो उधारीही ओळखायचा, घरात कधी तंगी आहे तेही, आणि सून काय काय नेते तेही. स्वतःच्या हाताने फळीवरून वस्तू उचलायची, कोणाशी न बोलता पैसे देऊन निघायचं, या नव्या दुकानात गेलेल्या पुष्कळ बायकांना केवढं मोकळं वाटलं असेल. माणसं पेठ सोडून गेली ती फक्त स्वस्ताईसाठी नव्हे. आपली ओळख पुसता येणं हीसुद्धा एक सोय होती.

मग काय मिळालं

गावाच्या वस्तीचं दुखणं पेठेने बरं केलं नाही, आणि गावानेही ते पेठेवर सोपवलं नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं. शोवाच्या योजनेच्या बरोबरीनेच नगरपालिकेने २००२ पासून मुलांसाठी मोफत शिकवणीचे वर्ग चालवले, पुढे शाळेतलं जेवण मोफत केलं, मुलांचा औषधोपचार मोफत केला. खेड्यात राहायला जाणाऱ्यांसाठीच्या मासिकाच्या ‘राहावंसं वाटणारी गावं’ या यादीत बुंगोताकादा वर्षानुवर्षं वरच्या जागी येतं ते अशा गोष्टींमुळे. तान्हं मूल घेऊन गावात राहायला येणारं जोडपं जुन्या पाट्यांसाठी घर बदलत नाही. पण त्या जोडप्याला गावाचं नाव आधी ऐकू आलं, ते कदाचित पाट्यांमुळे.

पेठेपुरतं बोलायचं तर तिने वेळ मिळवला. जी शटरं २००५ पर्यंत कायमची खाली आली असती, त्यातली काही पुढची दहा-वीस वर्षं रोज सकाळी वर गेली. दुकान चालवणाऱ्या साठीच्या माणसाला ही मुदत छोटी नाही, त्याचं उरलेलं कामाचं आयुष्य त्यात मावतं. पण त्याच्यानंतर कोण, या प्रश्नाला पत्र्यामागे उत्तर लपलेलं नव्हतं. ज्या गावांनी ‘शोवाचं गाव’ बघून आपल्याकडे जुन्या पाट्या रंगवून घेतल्या, त्यांनी बहुधा पहिलं पुनरुज्जीवन उचललं आणि चौथं वगळलं. पत्रा उतरवायला निधी मिळतो. दुकानात बसायला माणूस तुमच्याकडे असावा लागतो.

२०१७ मध्ये एका गाजलेल्या जपानी कादंबरीवरचा चित्रपट आला. गोष्ट एका जुन्या किरकोळ-सामानाच्या दुकानाची, जिथे लोक आपली दुःखं पत्रांतून विचारतात आणि म्हातारा मालक उत्तरं लिहितो. चित्रीकरणासाठी बुंगोताकादा निवडलं गेलं, शोवाची पेठ तिथे आयती होती. मुख्य दुकानासाठी मात्र तिथल्या मोकळ्या जागेवर लाकडाचा सेट नव्याने बांधावा लागला.